टिटवीची जागा

युटरबोग, ९ मार्च १९४३

ती. वाल्बुर्गाताईस, लोरेन्झचा सा. न. वि. वि.

कावीळ बरी झाली. मी इस्पितळात असताना आमचं चढाई-तोफांचं दल स्टालिनग्राडला भाऊजींसकट अख्खं गेलं, ते आता त्याच क्रमांकानं पुन्हा उभं केलंय. तीन बॅटऱ्या म्हणजे तोफांच्या तुकड्या, रणगाड्यासारख्या चालत्या नव्या तोफा, नवी पोरं. जुना मी एकटाच. दल परतलं म्हणजे एमेरिशभाऊजी परतले, असं समजू नकोस बाई. परतलंय ते नुसतं नाव.

मला भाऊजींचीच जागा मिळाली, दुसऱ्या बॅटरीतली तिसरी तोफ. रेडिओवरचं नाव माणसाचं नसतं, जागेचं असतं. त्यांचं 'टिटवी' आता मला चिकटलंय. हस खुशाल! पण काल सरावात मी टिटवी बोलतोय म्हटलं, तर कानात भाऊजीच ओरडले, की टिटवी मी आहे, तू कोण?  मी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लोरेन्झ


नायसे, १८ मार्च १९४३

चि. लोरेन्झास अनेक आशीर्वाद.

खसखशीचा केक पाठवतेय. एकट्यानं हादडू नकोस. पोस्टमन तुला रणगाडेवाला म्हणाला, तेव्हा तोफखान्यातला आहे म्हणून तुझ्या वतीनं मीच भांडले.

तो आवाज त्यांचाच. खोटं कशाला बोलू, मला तुझा हेवा वाटला. पण त्यांना एकटं राहवत नाही रे. परसात जायचं तरी सोबत लागायची. ते तुला बोलावतील. ओ देऊ नकोस. माझी शपथ आहे.

दोन ओळी का होईना, धाडत जा.

तुझी,
ताई


पूर्व आघाडी, ४ मार्च १९४४

श्रीमती वाल्बुर्गाबाईंस, सा. न. वि. वि.

मी फाइट. लोरेन्झच्या तोफेत गोळे भरायचो. कसं सांगू, लोरेन्झ गेला. वर्षभर कानात तुमच्या यजमानांचा आवाज आला की तो दात आवळून बसायचा. परवा आमच्या तोफा एकामागून एक पेटल्या, आणि तेव्हा त्यानं ओ दिली, की आलो भाऊजी. खाली उतरून धुक्यात चालत गेला. सकाळी सापडला. अंगावर जखम एकही नव्हती.

गेल्या महिन्यात दलाचं नाव वाढवून ब्रिगेड केलं. तोफा उरल्यात मूठभर. टिटवीची जागा आता माझी. कानात दोघं असतात. धाकटा तुमची खुशाली विचारतो. त्याला काय सांगू?

आपला नम्र,
फाइट


नायसे, १५ मार्च १९४४

चि. फाइटास आशीर्वाद. ओळख नसली तरी अरेतुरे करते, राग मानू नकोस.

लोरेन्झ पाळण्यात होता तेव्हापासून त्याच्या प्रत्येक हाकेला मी ओ देत आले. ताई बरी आहे, एवढं त्याला सांग, असं लिहायला हात नुसता शिवशिवतोय. पण तुझ्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल. तेव्हा ऐक बाळा, काही सांगू नकोस. त्यानं माझं नाव घेतलं, रडला, तरी ओ देऊ नकोस. तो काय म्हणतो ते मलाही कळवू नकोस.

पत्र मात्र पाठवत जा. जिवंत आहेस, एवढंच लिही.

तुझी,
वाल्बुर्गाताई