सुलभाच्या दुधात दोष नव्हता

जयपूर, मंगळवार संध्याकाळ, १९८७

सुटले एकदाची! मुंबईहून माझ्या मित्राचा, वसंताचा, ट्रंककॉल आला.

खातीपुऱ्याच्या लष्करी छावणीतल्या हवालदार जाधवांचं बाळ माझ्या वॉर्डात आहे. ताप आला, खाणं सुटलं की ते बेशुद्ध पडतं. पहिली मुलगी अशीच गेली. बाळाची आई सुलभा; तिच्या सासूबाईंचं एकच पालुपद, "हिच्या दुधातच विष हाय." त्यांनी अंगावरचं दूध तोडलं. मी नको म्हणत होते, पण पुरावा कुठून आणणार?

बाळाची लघवी बर्फात घालून वसंताच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. त्याच्या नव्या मास स्पेक्ट्रोमीटरला एक थेंब पुरतो. तो ग्लिसरीनमध्ये मिसळून त्यावर वेगवान अणूंचा मारा करतात, आणि उडालेल्या रेणूंची वजनं यंत्र सांगतं. खरंच, एका थेंबात!

"सापडलं!" वसंता फोनवर ओरडत होता. "लघवीत अर्धवट जळलेल्या चरबीचे रेणू आहेत. उपाशी असताना पोराला चरबी जाळता येत नाही. जन्मजात आहे, आईबाप दोघांकडून आलेलं. त्याला उपाशी ठेवू नका, बस!"

लगेच सुलभाला सांगितलं. ती रडली नाही. "मंग माझं दूध चालंल?" एवढंच विचारलं.

"चालेल काय, तेच औषध आहे."

सासूबाई शेजारीच होत्या. मला वाटलं, आता वाद घालतील. त्या उठल्या, खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि हळूच म्हणाल्या, "घे गं त्याला पदराखाली. भुकेलं आसंल."