घुबड पोचलं, पण ठकठक चालूच आहे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझी पाठ, वहिनीची सर्दी आणि तुमच्या मांजराचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा आहे (मांजराबद्दल फारशी नाही). आम्ही दोघं बरे आहोत. तू पाठवलेलं प्लास्टिकचं घुबड सुखरूप पोचलं. लग्नाच्या फोटोत तू जसे डोळे वटारले आहेस तसेच त्याचे आहेत. पार्सलची गाठ मात्र बाबांना पसंत पडली नाही. उभी हयात पोस्टात घालवलेल्या माणसाला दुसऱ्याने बांधलेलं पार्सल आणि दुसऱ्याने चिकटवलेलं पाकीट कधी पटलंय?

आता तू विचारशील, तो सुतारपक्षी गेला का? ते मुळापासून सांगावं लागेल, तेव्हा आधी तुझा चहा पिऊन घे.

आपल्या घरातली ठोकाठोकीची पद्धत तुला आठवत असेलच. जेवण झालं की खालून छताला गज ठोकायचा, आणि बाबांना काही हवं असलं की त्यांनी वरून काठी आपटायची. जिन्यातून हाका मारणं आईला असभ्य वाटायचं (घर हादरवणं तेवढं सभ्य!). ती गेली आणि बाबांची काठी गप्प झाली. "तुला शिलाईची कामं असतात, उगाच त्रास कशाला," एवढंच म्हणायचे. मीही ताट वर ठेवून यायचे आणि मशीनवर बसायचे. गज कापड मोजण्यापुरता उरला. मग तुझं पत्र आलं, की खोली रंगवून घेतोय, बाबांना माझ्याकडे आणू या. बाबा "बरं" म्हणाले, म्हणून मीही "बरं" म्हणाले. आपल्या घरात एवढ्याशा शब्दावर माणसं घर सोडतात.

त्यानंतर एका सकाळी ठक ठक ठक! मला वाटलं, बाबांची काठी. बँडमास्तरांच्या कोटाची बाही सुईखाली तशीच टाकून धावत सुटले, तर अर्ध्या जिन्यात समोर बाबाच, चष्मा कपाळावर, धाप लागलेली. त्यांना वाटलं होतं, मी गज ठोकला. मी बोलावलंच नाही असं सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून मी म्हणाले, "चहा घेणार का विचारायला येत होते." आणि मला वाईट वाटेल म्हणून बाबा म्हणाले, "मीही तेच म्हणायला उतरत होतो." दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. मग रोजच. हळूहळू आम्ही चहा घेऊन जिन्यातच बसायला लागलो. बाबा आईबद्दल बोलायला लागले, दादा. मी ऐकता ऐकता काजं करायची आणि ते बटणं लावायचे. या गप्पांच्या नादात बँडमास्तरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. आता यात फक्त एका हाताचं वाद्य वाजवता येईल, असं ते म्हणाले.

शेवटी शेजारच्या शास्त्राच्या बाईंनी आम्हाला बाहेर नेऊन तो पक्षी दाखवला. जिन्याच्या फळीला बाहेरच्या बाजूने चिकटून बसला होता आणि डोकं आपटत होता. त्या म्हणाल्या, कधी लाकडात किडे असतात म्हणून ठोकतो, कधी घरट्यासाठी. पण तुमची फळी निरोगी आहे आणि भोकही पडलेलं नाही, तेव्हा हा नुसता वाजवतोय. त्याला गाणं येत नाही. म्हणून आतून पोकळ, दणदणीत वाजेल अशी फळी शोधतो आणि तिच्यावर जाहीर करतो, की मी इथे आहे, ही माझी जागा, आणि कुणाला सोबत हवी असेल तर या. बाबा म्हणाले, "एवढंच सांगायला एवढी आपटाआपट?"

फळीची काळजी वाटून मी तुला कळवलं आणि पक्ष्याला भीती घालायला तू घुबड धाडलंस. बाबांनी हट्टाने ते स्वतः लावलं. उपयोग शून्य! चहाची वेळ झाली की ठकठक सुरू. तरीही तुझे मनापासून आभार. आणि खरं सांगू? त्या पक्ष्याचेही. त्याने मला माझे बाबा परत दिले.

तुझी लाडकी (दुसरी कोण आहे?) बहीण

ता. क. खोली रंगवून झाली असेल तर तिथे मांजराला ठेव. बाबांना नेऊ नकोस रे. 'राहा' असं तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तेव्हा तूच काहीतरी अडचण काढ.

आणखी एक ता. क. हल्लीची ठकठक वरच्या खोलीतून येते आणि तिच्या टोकाला रबर आहे. पक्ष्याच्या चोचीला रबर नसतं हे मलाही कळतं. मी मोठ्याने पक्ष्याला शिव्या घालते आणि आधण ठेवते. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं हे तुझी बहीण विसरते. उभ्या नोकरीत कुणाचं पत्र वाचलं नाही, हे पहिलंच. घुबड उत्तम आहे. लावलं त्याच दिवशी पक्षी पळाला. मी घाईघाईने ते काढून कपाटात कोटामागे दडवलं, पण तो काही परतला नाही, म्हणून काठीवर भागवतो आहे. अडचण शोधू नकोस. मी इथेच राहतो. काठीचं रबर आजच काढून टाकलं आहे.

— बाबा