भिंगरी एकटीने शाळेत जाणार

९ नोव्हेंबर, सोमवार

ठण्ण! आज तो लोखंडी रुळाचा तुकडा पुन्हा कानात वाजला. माझ्या लहानपणी आमच्या शाळेच्या ओसरीत घंटा म्हणून तारेने टांगलेला असायचा. शिपाई त्यावर हातोडी हाणायचा. पहिला ठोका मोठा, मग लहान लहान, मग नुसती थरथर. ती थरथर विरायच्या आत वर्गात शिरायचं, हा आम्हा पोरांचा आपापसातला नियम. आणि मग सगळा वर्ग एका सुरात, डोलत डोलत —

चाल गड्या रे, चाल पुढे,
वळणावरती ऊन पडे,
मागे वळुनी बघू नको,
सावलीस तू भिऊ नको.

कवी कोण ते विसरलो. पाठ मात्र अजून आहे. सहा वर्षांचा असल्यापासून मी त्या शाळेत एकटा जात होतो. आई दारात येऊन बघत उभी राहिल्याचं आठवत नाही. मला भीती वाटल्याचंही आठवत नाही. का वाटत नसेल?

हे आजच आठवायला कारण आहे. भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजोबा, मी आता एकटी शाळेत जाणार. तू यायचं नाहीस." (भिंगरी म्हणजे माझी नात. दुसरीत आहे. एका जागी ठरत नाही, म्हणून ते नाव मीच पाडलं.)

मी हसलो. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

१० नोव्हेंबर, मंगळवार

तिला सोडायला गेलो तो थेट वर्गातच शिरलो. तिच्या बाईंना सगळे ताई म्हणतात, पोरंही आणि आम्ही पालकही. वर्गात बाकं नाहीत. एका कोपऱ्यात दोघं तराजूत ओली वाळू आणि कोरडी वाळू तोलून भांडत होती. एक मुलगी पालथी पडून मुंग्या मोजत होती. आणि ताई जमिनीवर बसून एका पोराचं म्हणणं ऐकत होत्या, जणू तो कुणी मोठा वकीलच!

"उपक्रम आहे आजोबा, 'माझी वाट'," त्या म्हणाल्या. "आपली वाट आधी दोरीने मोजायची. मग वाळूत मांडायची. वाटेवरच्या माणसांशी बोलायचं. आणि शेवटी एकट्याने चालून यायचं."

"शेवटी म्हणजे केव्हा?"

"तयारी झाली असं वाटेल तेव्हा."

"कुणाला वाटेल?"

"तिलाच की. पाय तिचे आहेत ना?"

मुलाने आणि सूनबाईने संमती देऊनही टाकली आहे. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो ते दोघांनाही ठाऊक आहे.

शाळा लांब नाही. शिंप्याचं दुकान, औषधांचं दुकान, लाकडाची वखार, छोटा पूल, की आलीच. पण ती वखार! ओंडके उतरवून ट्रक मागे मागे रेटत रस्त्यावर येतात. ड्रायव्हरला आपण दिसत नाही. तिथे मी भिंगरीचा हात असा आवळतो की ती रोज ओरडते, "आजोबा, बोटं!"

१२ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात ट्रक मागे मागे येत होता आणि मला हाक मारायला तिचं खरं नाव आठवेना.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी ट्रक झालो!

मैदानात पोरांनी आमची वाट चुन्याने आखली होती. खोक्याचं औषधाचं दुकान, विटांचा पूल. वखारीतून ट्रक हवा होता, आणि ट्रक व्हायला कुणी तयार होईना. सगळ्यांना चालायचं होतं. भिंगरीने मला पुढे ढकललं.

मी पाठमोरा होऊन हळूहळू मागे सरकू लागलो. चालता चालता सवयीने कविता पुटपुटलो असेन. लगेच एक दात पडलेला इसम ओरडला, "आजोबा, ट्रक कविता म्हणत नाही!" दुसरी म्हणाली, "आणि ट्रकला मागचं दिसत नाही. तुम्ही डोळे मिटा."

डोळे मिटले. मागे सरकलो. माझ्या पाठीमागे कुठेतरी माझी नात चालत होती आणि मला ती दिसत नव्हती. पोरं खिदळत होती. मी थांबलो, वळलो, तर भिंगरी माझ्यापासून चांगली दूर उभी. हाताची घडी घालून.

"ट्रकचा आवाज आला की मी भिंतीला पाठ लावून थांबते," ती म्हणाली. "ट्रक पुरता गेला की मग चालते. तू उगाच घाबरलास."

ताईंनी विचारलं, "ट्रकला आतून कसं वाटलं आजोबा?"

मी म्हणालो, "ट्रकला धाप लागली." सगळे हसले. खरं ते सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी न्याहारीला बसलो असताना भिंगरीने जाहीर केलं — "माझी तयारी झाली. परवा."

मी चहातली केव्हाच विरलेली साखर ढवळत राहिलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, चेहरा नीट करा. ती बघतेय."

१७ नोव्हेंबर, मंगळवार

शिंप्याकडे गेलो. निमित्त म्हणून सदऱ्याचं बटण तोडून नेलं. तो बटण लावत असताना हळूच म्हणालो, "उद्या सकाळी नात एकटी जाणार आहे. जरा लक्ष असू द्या."

शिंप्याने दोरा दातांनी तोडला. "आजोबा, सूनबाई काल सांगून गेल्या की. ब्लाऊज टाकायला म्हणून आल्या होत्या."

मी चाट! मला "चेहरा नीट करा" म्हणणारी बाई!

औषधवाल्याकडे गेलो. त्याने मला बघताच हात वर केला, "कळलं, कळलं. तुमचा मुलगा येऊन गेला. दुकान लवकर उघडतो उद्या." वखारीच्या रखवालदाराला गाठलं. त्याला मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. माझाच पहिला नंबर. तो म्हणाला, "फाटक बंद करून उभाच राहतो, काळजी सोडा."

सोडली. बरं वाटलं. घरी आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता जेवलो.

१८ नोव्हेंबर, बुधवार

ती गेली. मागे वळून हात केला नाही. पोचली की ताई फोन करणार आहेत. सूनबाई फोन पुढ्यात ठेवून बसली आहे, मुलगा चपला घालून नुसताच उभा.

तोच दिवस, थोड्या वेळाने

फोन नाही.

तोच दिवस

ताईंचा फोन आला — "भिंगरी निघाली का?"

निघाली का!! मुलगा पळाला. मीही निघालो होतो, सूनबाईने बसवलं. म्हणाली, "तुम्ही पडलात तर मी कुणाकडे धावू?" कविता म्हणून पाहिली, पहिल्या ओळीपुढे जाईना.

संध्याकाळी

सापडली. म्हणजे हरवली नव्हतीच. उशिरा का होईना, स्वतःच शाळेत पोचली. गुडघा खरचटलेला, फ्रॉक तारेत अडकून फाटलेला. ती आमच्या वाटेने गेलीच नाही. वखारीच्या मागून, काटेरी कुंपणाखालून, ओढ्यात उतरून गेली. एकटी! जिथे कुणी नसतं अशा बाजूने!

विचारलं तर बोलेना. मग ताईंनाच सांगितलं तिने, ते त्यांनी आम्हाला सांगितलं. शिंपी मशीन थांबवून दारात उभा होता. औषधवाला पायरीवर उभा होता. रखवालदार फाटक लावून उभा होता. जो तो काम टाकून तिच्याकडे टक लावून बघत होता. "मला वाटलं, आता काहीतरी होणार आहे. सगळ्यांना माहीत आहे, फक्त मलाच माहीत नाही." म्हणून ती पळाली.

ट्रकला भ्यायली नव्हती ती. आम्ही भिववलं तिला.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिने स्वतः होऊन माझं बोट धरलं. घराच्या दारापासूनच. शिंप्याच्या दुकानापाशी माझ्या आड झाली.

किती वर्षं मला हेच हवं होतं ना — की तिने धरून ठेवावं! आज ते धरणं सोसवेना. वखारीपाशी या वेळी तिनेच माझी बोटं आवळली. मी ओरडलो नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

"आता तिसरीत गेल्यावर बघू," असं तिने आईला सांगितलं. मग म्हणाली, "नाहीतर चौथीत."

माझी भीती तिच्या अंगात शिरली. ती आता निघेल कशी? तिला आयुष्यभर पुरली तर? ही एकच भीती आता मला आहे. त्या भीतीपुढे ट्रक काहीच नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पोरांच्या गोलात मला बोलावलं होतं. आठवड्यातून एकदा ती गोल करून बसतात आणि वर्गातल्या भानगडींचा निकाल लावतात. ताईंनाही तिथे हात वर केल्याशिवाय बोलता येत नाही. मोठ्या माणसाला बोलावलं तर त्याने खरं उत्तर द्यायचं. टाळायचं असेल तर "टाळतो" म्हणायचं, पण खोटं नाही.

मला मांडी घालता येत नाही, म्हणून एका मुलीने पालथी बादली दिली. बादलीवर बसलो. भिंगरी समोर, गुडघ्यावरची खपली खरवडत.

दात पडलेल्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही सगळ्यांना का सांगितलं?"

"भीती वाटली म्हणून."

"कसली?"

टाळतो म्हणणार होतो. भिंगरीने वर पाहिलं. मग सांगितलं. ट्रकची. मग त्यामागची — की भिंगरीची आजी वारली तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होतो आणि मला कळलं नाही. तेव्हापासून कुणी नजरेआड झालं की मी उठून बघायला जातो. दुधाला गेलेली सूनबाई असो, नाहीतर अंगणात गेलेली भिंगरी. मुलाजवळ हे कधी बोललो नाही. पोरांपुढे बोललो.

कुणी हसलं नाही. मग काय, एकेकाचं सुरू झालं! एकीला पंख्याची भीती, गळून पडेल म्हणून. एकाला मधल्या सुट्टीत आपल्याला कुणी खेळायला घेणार नाही याची. एकाला नळातून येणाऱ्या घरघरीची. मी प्रत्येकाला विचारत गेलो — कधी वाटते, मग काय करतोस? "छे, त्यात काय भ्यायचं" असं म्हणायचं सुचलंच नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

भिंगरी शेवटी बोलली. "मला बघणाऱ्यांची भीती वाटते."

ताईंनी हात वर केला. पाळी मिळेपर्यंत थांबल्या. मग एवढंच विचारलं, "मग काय करूया?"

पुढचं मला ऐकू दिलं नाही. "आता मोठ्यांनी बाहेर जायचं," असं ठरलं. ताईही बाहेर आल्या. आम्ही दोघं व्हरांड्यात, शिक्षा झाल्यासारखे! आतून नुसती कुजबुज.

मी विचारलं, "आत काय ठरवतायत?"

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हे मला अजून जड जातं, आजोबा. रोज." त्यांनी ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

२८ नोव्हेंबर, शनिवार

भिंगरीने आम्हा तिघांना ओळीत उभं केलं. अटी सांगितल्या. कुणाला सांगायचं नाही. दारात उभं राहायचं नाही. खिडकीतून बघायचं नाही. "बाबा, तू चपला घालून उभा राहायचं नाहीस." शिंपी, औषधवाला, रखवालदार, सगळ्यांकडे ती स्वतः जाऊन आली. शिंप्याला म्हणे तिने बजावलं, "तुम्ही मशीन चालू ठेवा. आवाज आला की मला बरं वाटतं."

सोमवारी.

३० नोव्हेंबर, सोमवार

गेली. दार तिनेच बाहेरून ओढून घेतलं. तिच्या बापाला कामावर जावं लागलं, सूनबाई स्वयंपाकघरात एकच भांडं पुन्हा पुन्हा घासते आहे. मी खिडकीकडे पाठ करून बसलोय.

शिंप्याचं मशीन इथवर ऐकू येत नाही. वखारीतला ट्रक मात्र येतो. आत्ता आला. मागे घेतानाची ती घरघर. आता ती भिंतीला पाठ लावून उभी असेल. असेल ना? ट्रक पुरता गेला का? घरघर थांबली. का थांबली?

उठू नये. उठणार नाही. लिहीत राहावं. वहीच्या कडा धरल्या आहेत.

फोन वाजला नाही अजून.

तोच दिवस

दार वाजलं! इतक्यात? काय झालं? कसा उठलो कळलं नाही.

भिंगरी नव्हती. कधी न पाहिलेली मुलगी, पहिलीतली असेल. एका पायात मोजा नाही, नाक वाहतंय, हुंदका आवरत नाही. "दादा पुढे पळाला. मला ट्रकची भीती वाटते," म्हणाली.

"पण बाळ, तू इथे कशी आलीस?"

तिने आमच्या फाटकाकडे बोट केलं. खांबावर निळ्या खडूने काढलेला गोल. अगदी ताजा. "भीती वाटली की गोलवाल्या घरी थांबायचं. सगळ्या शाळेचं ठरलंय. जिथलं माणूस भीतीला हसत नाही, त्याच घरावर गोल काढायचा. हा भिंगरीताईने काढला."

"आणि भिंगरी? ती कुठाय?"

"ती गेली की! ट्रक गेल्यावर. पुलावर पण गेली."

आत फोन वाजतोय. सूनबाई धावली. मी उंबऱ्यातच बसलोय, वही मांडीवर. पोरीने माझं बोट धरलंय आणि विचारतेय, "आजोबा, तुम्हाला पण वाटते का?"

"वाटते," म्हणालो. "बस इथे. ट्रक पुरता गेला की मग निघू."