मोजणारीच्या बैठका

बाबा,

आज सकाळी मी सासूबाईंना एकटीने उचललं. खाटेपासून मोरीपर्यंत अकरा पावलं आहेत, मध्ये एक उंबरठा. आंघोळ घातली, अंग पुसलं, पुन्हा उचलून आणलं. माझ्या हातून त्या सुटल्या नाहीत. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी ही गोष्ट पहिल्यांदा तुम्हालाच सांगायची होती, आणि ती शाबासकीसाठी नाही.

लालबागच्या तालमीबाहेरची ती पायरी. पोरं मोजताना आकडे खातात म्हणून तुम्ही मला तिथे चिंचोके देऊन बसवायचात. आत कुणी बैठका मारतोय, तुम्ही गरजताय, आणि मी दर बैठकेला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवतेय. दहा वर्षांची होते. नव्या पोराला तुम्ही जे सांगायचात ते ऐकून ऐकून मला पाठ झालं: पहिल्या दिवशी बाराच, वाढ फक्त शनिवारी आणि तीही दोनचीच, ओझं छातीशी घ्यायचं, कमरेत वाकायचं नाही, मांड्यांच्या जोरावर उठायचं. एकदा तालीम रिकामी पाहून मी आत शिरले आणि तुम्ही मला व्यायामाच्या त्या जड लाकडी मुद्गलापाशी पकडलंत. मारलं नाहीत. हात धुऊन ये म्हणालात. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या वस्तूला बायकांनी शिवायचं नाही. "तुझं काम मोजायचं. उचलायचं नाही." पुढे माझ्या लग्नात तीच मुद्गलांची जोडी तुम्ही जावयाला दिलीत. ह्यांनी ती एकदाही फिरवली नाही. एक मुद्गल आमच्या गिरगावच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकून उभा, दुसरा खाटेखाली. दसऱ्याला दोन्हींना हळदकुंकू मात्र मीच लावायचं. तेव्हा शिवलेलं चालतं.

सासूबाईंचं उजवं अंग गेल्या वर्षी गेलं. हे त्यांना रोज मोरीत उचलून नेत. मग संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात हे पकडले गेले, तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्याचा मला अभिमानच आहे. पण दुसऱ्या दिवसापासून म्हातारीला उचलणार कोण? शेजारचे भाऊजी दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी त्यांना पाहताच सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते गेल्यावर म्हणाल्या, "परक्या पुरुषाच्या हातावर मोरीत जाण्यापेक्षा मी अशीच मळकी मरेन गं." मीच उचलायला गेले, तर दोघी खाटेच्या कडेवर कोसळलो. मग ओल्या फडक्याने अंग पुसणं, या कुशीवरून त्या कुशीवर वळवणं. तरी पाठीवर लाल चट्टे उमटायला लागले. चट्ट्याची जखम झाली की काय होतं, ते मी चाळीत पाहिलेलं आहे.

मग एका सकाळी पूजा आटोपल्यावर पदर खोचला आणि तुमच्या पोरांसारख्या बैठका मारायला सुरुवात केली. चिंचोके नव्हते, म्हणून मोजायला जपमाळ घेतली. चूक तिथेच झाली. हातात घेतलेली माळ अर्धी टाकायची नाही हे इतकं अंगात मुरलेलं, की बारा कुठले आणि काय कुठलं, धापा टाकत, भिंत धरत एकशे आठ पुऱ्या केल्या. पुढचे चार दिवस पाटावर बसता येईना. जेवण खिडकीशी उभ्याने, पूजा उभ्याने. सासूबाई कित्येक दिवसांनी हसल्या. "मारुतीरायाने तुला पायांवर उभी केली बाई," म्हणाल्या. मग त्यांनीच शेजारणीकडून चिंचोके मागवले आणि खाटेवर पडल्या पडल्या डाव्या हाताने मोजायला लागल्या. त्या तुमच्यापेक्षा कडक. अर्धवट बैठक धरत नाहीत.

बारा. शनिवारी चौदा. तिसऱ्या शनिवारी मी दाराचा मुद्गल काढला, छातीशी धरला आणि तसाच घेऊन बैठका मारल्या. दार आपटत राहिलं. आवाजाने शेजारीण आली, बघत उभी राहिली, म्हणाली, बाईमाणसाला हे शोभतं का, आता मोर्चात पोलिसांशी कुस्ती खेळणार की काय. मी काही बोलण्याआधी खाटेवरून आवाज आला, "उद्यापासून मला आंघोळ तू घाल, मग तिला थांबवते." ती गेली. सासूबाई मला म्हणाल्या, "नऊ झाल्यात. थांबलीस कशाला?"

आज नववा आठवडा. सोवळं मोडलं म्हणाल, तर देवाचं मी तुमच्याइतकंच मानते. शनिवारचं तेल मी कधी चुकवलेलं नाही. पण एकाचा जीव वाचवायला जो अख्खा डोंगर उचलून धावला, त्याला माझ्या हाताचा विटाळ होतो, हे मला पटत नाही. ते तुमचं म्हणणं होतं, त्याचं नव्हे. पुढच्या महिन्यात हे सुटून येतील. आईला ते उचलू देत खुशाल, पण मुद्गल माझे. दाराला दुसरं काहीतरी शोधू.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर बैठकांचे आकडे लिहिते, तिथेच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तालमीत मुद्गलाला काय केलंस असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी म्हणाले होते, नुसता हात लावला. ते खोटं होतं. तुम्ही यायच्या आधी मी तो खांद्यापर्यंत उचलला होता. दोनदा.