घरातलाच माणूस

४ जून, सकाळी
मंत्रिमंडळ विस्तार याच महिन्यात. मंत्रिपद खिशातच म्हणा. कोट शिवायला टाकला. हिला म्हटलं, शपथविधीला पहिल्या रांगेत बसशील. ही म्हणाली, आधी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला, पोट फार दुखतंय. म्हटलं, अधिवेशन संपू दे. संकल्प : आजपासून रात्रीचं जेवण घरी.

५ जून
जेवण बाहेर. एक लग्न, दोन घरी सांत्वन. सांत्वनात माझा हात कुणी धरणार नाही. खाली बसायचं, मान खाली, मुलांच्या डोक्यावर हात. 'मला घरातलाच समजा, काही लागलं तर हक्काने सांगा.' मागून पीए खोकला की उठायचं. तीन निवडणुका या वाक्यावर काढल्या. रस्ते काय, कुणीही करतं. मी केले नाहीत, ते सोडा.

११ जून
ऑफिसात लोकांची ही गर्दी. सह्यांचा सपाटा. मान वर न करता एका बाईंना म्हणालो, अर्ज ठेवा ताई, काम झालंच समजा. बाई हलेनात. बघतो तर आमची ही! रांगेत नंबर लावून आलेली. म्हणाली, घरी भेट होत नाही, म्हटलं इथे तरी होईल. लोक हसले. मीही हसलो. भारी विनोदी बाई! पोट धरून बसली होती. हसूनच असेल.

१९ जून
मुलगी हिला शहरात हॉस्पिटलला घेऊन गेली. मी जाणारच होतो. पण पक्षाध्यक्ष इकडून जाणार होते, म्हणून हार घेऊन चौकात उभा. गाडी थांबली नाही. काच मात्र जराशी खाली झाली. लक्षण चांगलं आहे. मोठ्या डॉक्टरांना फोन टाकला, आमदारांचं पेशंट आहे म्हणून. लगेच तपासलं. नुसता नवरा सोबत जाऊन एवढं झालं असतं?

२ जुलै
हिचं ऑपरेशन. मुलीचा फोन, बाबा, आई सारखी दाराकडे बघतेय. म्हटलं, संध्याकाळी निघतो. संध्याकाळी लांबलेला विस्तार झाला. आपलं नाव नाही. पुढच्या यादीत शंभर टक्के. पक्षाध्यक्षांच्या बंगल्याबाहेर थांबलो, भेट झाली नाही. उद्या पहाटे निघतोच.

३ जुलै
पोचलो. उशीर झाला होता.

६ जुलै
घर माणसांनी भरलेलं. आत गेलो, खाली बसलो, मान खाली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मागे कुणीतरी खोकलं. म्हणालो, मला घरातलाच समजा, काही लागलं तर हक्काने सांगा.

मुलीने वर बघितलं. म्हणाली, बरं, साहेब.

उठलो, चपला घातल्या, गाडीत बसलो. ड्रायव्हरला विचारलं, आता कुणाकडे? त्याने गाडी सुरूच केली नाही. खाली बघून म्हणाला, साहेब, आपण घरीच आहोत.

तिथेच रडलो. ड्रायव्हरने काचा वर केल्या.

रात्रीचं जेवण घरी. वाढायला कुणी नव्हतं.