मंगळवारचा काळा चष्मा

मंगळवार, ४ जून

परत आला तो काळ्या चष्म्याचा. संग्रहालयातली माझी बाकीची अंध मंडळी कशी गोड — खालच्या खोलीत दगडी घोड्याच्या तोंडात हात घालतात आणि "आजी, याला दात आहेत हो" म्हणून मलाच सांगतात. या वयात हे अंधांना सोबत करायचं काम मिळालं, मी अजून हवेतच आहे. शिकले चौथी, आणि गळ्यात फोटोचं कार्ड! सून म्हणते, "आई, आंघोळीला तरी काढत जा."

पण हा खालच्या खोलीत फिरकतच नाही. तडक वर. तिथं नावेचं मोठं चित्र आहे, हात लावायला बंदी. मग न दिसणाऱ्या माणसाचं तिथं काम काय? मी आपली सांगायला लागले, नाव आहे, नावेत बाई आहे, तर म्हणतो, "जरा गप्प राहाल का, आजी?" लागलंच मला.

मंगळवार, ११ जून

आज परीक्षा घेतली. तो चित्रासमोर उभा, मी मध्ये जाऊन जीभ काढून दाखवली. हसला! लगेच तोंड फिरवलं, पण मी पाहिलं ना. आणि परतताना बाजूच्या खुर्चीवर असा धडकला — नाटकी मेला. आमच्या सोबतिणींच्या मॅडमनी शिकवलंय, अंधांना धरून ओढायचं नाही, आपलं कोपर त्यांना द्यायचं. मी हे कोपर देतेय कुणाला? जागा हेरत असणार. चित्रचोर.

सुनेला सांगितलं. "एवढं मोठं चित्र पिशवीत घालून नेणार का, आई?" तिला काय कळतंय. चौकटीतून कापूनही नेतात लोक.

बुधवार, १२ जून

मॅडम रजेवर. थेट मोठ्या साहेबांना सांगून टाकलं. "शाबास, आजी," म्हणाले. दिसत नाही असा डॉक्टरचा नवा कागद आणेपर्यंत त्याचा अंधांचा पास बंद. पास नाही तर सोबत नाही, आणि सोबतीशिवाय यांना जिन्यावर सोडत नाहीत. आज दोन घास जास्तच गेले.

मंगळवार, १८ जून

दारापर्यंत आला होता. पहारेकऱ्यानं अडवला. मी खांबाआड. भांडला नाही, "कागदाला किती दिवस लागतील?" एवढंच विचारत राहिला. चोर असता तर पळाला असता. की हीच हुशारी?

गुरुवार, २० जून

मॅडम आल्या. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "आजी, त्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचं एवढंसं, बाजूचं काहीच नाही. आणि ती नळीही बारीक होत चाललीय. पुरतं मिटायच्या आत ते चित्र डोळ्यांत भरून घ्यायचंय त्याला."

म्हणून गप्प राहा म्हणाला. म्हणून खुर्ची दिसली नाही.

साहेबांकडे गेले, म्हटलं, सोडा त्याला. "कागदाशिवाय नाही. तक्रार तुमचीच ना?"

मंगळवार, २ जुलै

आला नाही. दोनदा दारात जाऊन पाहिलं.

मंगळवार, २३ जुलै

कागद घेऊन आला. हातात काठी, कोरी करकरीत. मी धावतच कोपर पुढे केलं. "चला बाबा, आधी वर. मी एक अक्षर बोलणार नाही."

हवेत चाचपडत त्यानं कोपर शोधलं. म्हणाला, "वर आता नको, आजी. खालीच न्या मला."