रिकाम्या खुर्चीसमोर

मान डोलावणाऱ्या महाशयांस,

आपलं फिसकटलं आणि तू वर्गातल्या त्या साउंडवालीबरोबर कँटीनमध्ये बसायला लागलास, तेव्हापासून माझा नुसता जळफळाट चाललाय. ती बोलते, तू मान तिरकी करून ऐकतोस. माझं ऐकायचास, अगदी तस्सं.

आज टीव्ही पत्रकारितेच्या प्रॅक्टिकलला कॅमेरा माझ्याकडे होता. तू घेत होतास ती मुलाखत संपली, पाहुण्या डॉक्टरीणबाई निघून गेल्या. मग सर मला म्हणाले, "आता याचे ऐकतानाचे शॉट घे. मध्येमध्ये जोडायला लागतील."

तू समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलंस. मान तिरकी केलीस, भुवई जराशी उचललीस, हळूच "हं" म्हणालास. डोळ्यांत तीच माया! सर खूश. मी आपली फोकस धरून उभी.

साउंडवालीला जाऊन सांगणार होते. नाही सांगितलं. म्हणेल, जळते मेली. हे पत्रही तुला द्यायची नाही.

जळते, खरंच जळते. पण आता तिच्यावर नाही, त्या खुर्चीवर. खुर्चीला निदान पहिल्यापासून ठाऊक होतं, तू तिचं ऐकत नाहीयेस.

एके काळची तुझी,
कॅमेरावाली